सुवर्णाचा दमा आणि तिची शाळा

शाळेच्या शिपायानं सुवर्णाला सायकलच्या कॅरिअरवर बसवून घरी आणलं, तेव्हा मी अंगणात ज्वारी पाखडत होते. तिच्या दोन मैत्रिणी दोन्ही बाजूंनी तिला धरून चालत होत्या. तिचे खांदे कानापर्यंत वर चढलेले, ओठ निळसर पडलेले, आणि गळ्याखालची कातडी दर श्वासाला आत ओढली जात होती. मी विचारलं, "काय झालं गं?" ती बोलली नाही. बोलायला तिच्याजवळ हवाच उरली नव्हती.

मैत्रीण म्हणाली, "काकू, आज आमची वर्ग झाडायची पाळी व्हती. झाडता झाडता ही खालीच बसली."

सुवर्णा तेव्हा सातवीत होती. आमचं गाव युसूफ वडगाव. घराच्या पुढच्या खोलीत आमचं किराणा दुकान, आणि त्याला लागूनच मिरची-मसाला कुटायचं यंत्र. घरात आम्ही चौघं. माझे मालक, मी, माझ्या सासूबाई आणि ही एकुलती एक पोर. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते.

खोकला तिला लहानपणापासूनच होता. पाऊस संपत आला की सुरू व्हायचा, थंडीत वाढायचा. गावातले डॉक्टर सुई द्यायचे, थोडे दिवस बरं जायचं. कुणी कफ म्हणायचं, कुणी न्युमोनिया. आत्याबाई ओवा गरम करून छाती शेकायच्या. पण त्या दिवशी आत्याबाईंनीही ओव्याचं नाव काढलं नाही. "पोरीचा रंग बघा," एवढंच त्या म्हणाल्या. मालकांनी दुकानाची फळी ओढली, चौकातून जीप आणली आणि आम्ही अंबाजोगाईला निघालो. वाटेत ती माझ्या मांडीवर आडवी व्हायची नाही. आडवं केलं की तिचा जीव आणखी घाबरा व्हायचा. शेवटी पुढच्या सीटच्या पाठीवर दोन्ही हात टेकून ती तशीच वाकून बसली. अशा वेळी लेकराला झोपवू नका, बसवून ठेवा, हे मला पुढं डॉक्टरांनी सांगितलं. त्या दिवशी ते तिच्या अंगालाच कळलं होतं.

निदान

दवाखान्यात तिच्या तोंडाला मास्क लावला, त्यातून औषधाची वाफ सोडली. हळूहळू तिचे खांदे खाली आले. डोळे मिटले. तेव्हा कुठं माझ्या पदराला चिकटलेलं ज्वारीचं भूस मला दिसलं.

लहान मुलांच्या डॉक्टर मॅडमनी आम्हाला बाजूला बोलावलं. "हा दमा आहे," त्या म्हणाल्या.

मालक म्हणाले, "मॅडम, दमा तर म्हाताऱ्या माणसाला व्हतो. लेकराला कसा व्हईल?"

"लेकरांनाही होतो. घरी काय चालतं तुमच्याकडे?"

"किराणा दुकान हाय."

मॅडमनी त्यांच्या शर्टाच्या बाहीकडे बघितलं. मळलेली, तांबूस बाही. "आणखी?"

मालकांनी बाही दुमडली. "मिरचीचं कांडप हाय. घरातच."

मॅडम रागावल्या नाहीत. धूर, धूळ, मिरचीचा खकाणा हे तिला चालणार नाही, एवढं सांगितलं. मग दोन पंप समोर ठेवले. एक रोज घ्यायचा, बरं वाटत असलं तरी. दुसरा दम लागल्यावर. पंप थेट तोंडात न धरता प्लास्टिकच्या नळकांड्यातून कसा ओढायचा, ते त्यांनी सुवर्णाकडूनच करून घेतलं.

"बरी व्हईल ना पूर्ण?" मी विचारलं.

"मोठी होईल तसा कमी होऊ शकतो. जाईलच असं मी सांगत नाही. पण ताब्यात ठेवता येतो."

"आन शाळा?"

"शाळा बंद करायची नाही," मॅडम म्हणाल्या. हे वाक्य पुढची वर्षं मी किती जणांना ऐकवलं असेल, त्याला सुमार नाही. पण खरं सांगायचं तर तेव्हा ते माझ्या मनात उतरलंच नाही. पोर माझ्यासमोर निळी पडली होती. शाळा मला कुठं दिसत होती?

वॉर्डात

सकाळी झाडलोट व्हायची तेव्हा नर्सबाई आम्हाला व्हरांड्यात काढायच्या. मग डॉक्टरांची फेरी, मग वाफ, मग दुपारभर पंख्याची घरघर. शेजारच्या खाटेवर एक आजीबाई नातीला घेऊन होत्या. मी सुवर्णाच्या उशाशी डोळे पुसत उपाशीच बसले होते. त्या म्हणाल्या, "तिला माझ्याकडं दे आन तू जा, तिकडं तोंड करून जेव. लेकरासमोर रडत जेवू नई." मी व्हरांड्याच्या कोपऱ्यात बसून त्यांची बाजरीची भाकरी आणि ठेचा खाल्ला. परत आले तर सुवर्णा त्यांच्या नातीला पाढे म्हणून दाखवत होती. मधे मधे थांबत, पण म्हणत होती.

घरी निघायच्या दिवशी तिनं एकच विचारलं. "आई, सोमवारी शाळंत जाऊ ना?" मी मालकांकडं बघितलं. मालकांनी खिडकीबाहेर बघितलं.

कुणाला सांगू नका

घरी आल्यावर आत्याबाईंनी पंप हातात घेऊन उलटसुलट केला. "हे तोंडाला लागलं की जलमभर सुटत न्हाई म्हणतेत."

मालक म्हणाले, "डॉक्टर म्हणल्या, सवय लागत न्हाई."

"डॉक्टरला काय जातंय. आन हे बघा, बाहीर कुणाला सांगू नका. पोरीची जात हाय. दमा हाय असं कळलं तर उद्या सोयरीक कोण करंल?"

पंप डाळीच्या डब्यामागं ठेवला गेला. बाहेर आम्ही सांगायचो, हवा बदलली, सर्दी झाली. आत्याबाई एकट्याच कपिलधारच्या देवस्थानाला जाऊन आल्या आणि तिथला अंगारा घेऊन आल्या. मी त्यांना म्हणाले, "कपाळाला लावा आत्याबाई, फुंकू नका आन पोटात देऊ नका." त्यांनी ऐकलं. रोज सकाळी सुवर्णा कपाळाला अंगारा लावायची आणि दाराआड जाऊन पंप ओढायची. यावरून मी भांडले नाही. ज्या घरात भांडण पेटतं, त्या घरातलं लेकरू औषध घ्यायला भितं, एवढं मला दिसत होतं.

शाळेत मात्र गोष्ट लपली नाही. ती पोर वर्गात कोसळलेली सगळ्यांनी पाहिली होती. मुख्याध्यापकांनी मालकांना बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. "शेठ, उद्या काही झालं तर आम्ही काय जबाब द्यायचा? तिला घरीच ठेवा. परीक्षेपुरतं आणा. मी सांभाळून घेतो."

मालक घरी आले ते हलके होऊन. "सरच म्हणले. घरी ऱ्हाऊ दे. जिवापुढं शाळा हाय का?"

मी म्हणाले, "डॉक्टर मॅडम काय म्हणल्या व्हत्या?"

"त्या अंबाजोगाईला हायत. इथं पोरीला दम लागला तर त्या येणार हायत का पळत?"

 तीच भीती मलाही होती.

गल्ल्यावरची पोर

सुवर्णा घरी राहिली. दिवसभर दुकानात बसायची, साखर तोलायची, पुड्या बांधायची. शाळा भरायच्या वेळी पोरी दप्तरं घेऊन दुकानासमोरून जायच्या, तेव्हा ती उठून आत यायची आणि त्या गेल्या की परत जाऊन बसायची. आधी आधी मैत्रिणी हाक मारायच्या. मग मारेनाशा झाल्या.

शेजारच्या खोलीत यंत्र चालूच होतं. लग्नसराई आली तशा मिरच्यांच्या पाट्या वाढल्या. आम्ही मधे पोत्याचा पडदा बांधला होता. पडद्यानं खकाणा अडतो काय? शाळेत महिन्याभरात जेवढी खोकली असती, तेवढी घरात ती रोज खोकत होती. हे मला दिसत होतं. तोंडानं म्हणाली ती मात्र सुवर्णाच.

एका दुपारी मी भाकरी थापत होते. ती चुलीपासून लांब, उंबऱ्यावर बसली होती. म्हणाली, "आई, मी घरीबी खोकतेच की. मग शाळंत खोकले तर काय व्हतंय?"

मी म्हणाले, "तिथं आम्ही न्हाई ना बाई जवळ."

"तुमी जवळ असल्यावर दम थांबतोय का?"

ती चिडून बोलली नाही. खरंच विचारत होती. तव्यावरची भाकरी करपली.

संध्याकाळी मी मालकांना सांगितलं, "पोर घरात सुरक्षित हाय असं आपल्याला वाटतंय. यंत्राच्या खोलीत जाऊन उभं ऱ्हावा आन तुमीच सांगा."

ते उठून दुकानात गेले आणि वजनं लावत बसले. बरेच दिवस हा विषय निघाला की ते असेच उठून जायचे. कांडप त्यांच्या वडिलांनी सुरू केलेलं. त्या वर्षांत कंपन्यांच्या मसाल्याच्या पुड्या दुकानात लटकायला लागल्या होत्या, धंदा तसाच ढिला पडत होता. यंत्र घरातून काढलं की गिऱ्हाईक तुटेल, ही धास्ती त्यांना होती. यंत्र हलवायचं मी नुसतं नाव काढलं, तर आत्याबाईंनी जेवणाचं ताट बाजूला सारलं.

एका सकाळी दारात टेम्पो उभा राहिला. मालकांनी यंत्र बसस्टँडजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवलं. त्या दिवसापासून ते शेडमधून आले की आधी मागच्या दारी अंघोळ करायचे, कपडे बदलायचे, मगच घरात पाऊल टाकायचे. आम्ही खोली धुतली, चुना मारला, तरी भिंतींचा तिखट वास पुढचा उन्हाळा संपेपर्यंत गेला नाही. आत्याबाई माझ्याशी कामापुरतंच बोलायच्या. गिऱ्हाईक कमी झालंच. हे सगळं मी मुद्दाम लिहिते आहे. लेकराच्या आजारपणात घरातल्या प्रत्येकाला काही ना काही सोडावं लागतं, आणि सोडणारा माणूस हसत हसत सोडत नाही. त्याला थोडे दिवस गप्प राहू द्यावं.

बाईंशी बोलणं

पंप डाळीच्या डब्यामागून काढला आणि तो घेऊन मी शाळेत गेले. वर्गाच्या बाईंना सगळं खरं सांगितलं. बाईंनी पंपाला हात लावला नाही.

"माझ्याच्यानं काही चुकलं तर?"

"बाई, तुमी काही करायचं न्हाई. ती सोताच घेते. तिनं बाहेर जाऊ का म्हणलं तर इचारत बसू नका, जाऊ द्या. आन एकटीला जाऊ देऊ नका. पंप घेऊनबी उतार पडला न्हाई तर दुकानावर निरोप धाडा. जीप आमी आणू."

"आणि झाडायची पाळी?"

"ती तेवढी सोडा."

बाईंनी मुख्याध्यापकांशी बोलून तिला वर्गात घेतलं, पाळीही सोडली, पण मग पोरींनी तिला राणीसाहेब म्हणायला सुरुवात केली. सुवर्णा रडत घरी आली. ते ऐकल्यावर बाईंनी तिला तास बदलल्यावर घंटा द्यायचं काम दिलं. चिडवणं संपलं नाही, पण कमी झालं. जागाही बदलली. फळ्याजवळून उठवून तिला खिडकीशी बसवलं, खडूची भुकटी अंगावर येणार नाही अशी.

रोज सकाळी आमच्या घरी एकच प्रश्न असायचा. आज धाडायची का नाही? सुरुवातीला मी नुसतं शिंकली तरी घरी ठेवायचे आणि मालक म्हणतील त्याच्या उलट करायचे. मग मॅडमना विचारून आम्ही ठरवून टाकलं. नाक वाहतंय, थोडा खोकला आहे, पण पोर जेवली, नीट झोपली आणि दुकानाच्या पायऱ्या न थांबता चढली, तर शाळेत जायचं. ताप असेल, खोकून खोकून झोप झाली नसेल, किंवा दम लागल्यावरचा पंप परत परत घ्यावा लागत असेल, तर शाळा नाही. पण मग घरीही नाही, त्याच दिवशी डॉक्टर. आणि बोलता बोलता शब्द तुटायला लागले, बरगड्या ओढायला लागल्या, तर काही ठरवत बसायचं नाही, पंप देत देतच दवाखान्याची वाट धरायची. घरी राहिलेल्या दिवशी मैत्रीण अभ्यास आणून द्यायची आणि सुवर्णा तो करायची. घरी राहणं म्हणजे सुट्टी नाही आणि शिक्षाही नाही, हे तिला कळायला हवं होतं.

ठरवूनही भीती जात नव्हती. ती शाळेत गेली की माझं लक्ष रस्त्याकडे. सायकलची घंटी वाजली की हातातलं काम सुटायचं.

भूगोलाचा पेपर

दहावीपर्यंत अशीच आली. दोनदा दवाखान्यात राहावं लागलं, पण वर्ष बुडालं नाही. बोर्डाचं केंद्र दुसऱ्या गावी होतं. ऊन तापलेलं, मैदानात नुसती माती. आमच्याकडच्या परीक्षेचं चित्र ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. कंपाउंडबाहेर माणसंच माणसं, कुणी भिंतीवर, कुणी खिडकीखाली, हातात कॉपीच्या चिठ्ठ्या. मी फाटकाजवळ उभी होते.

आत जाताना तपासणीवाल्या सरांनी सुवर्णाच्या हातातला पंप बघितला. "हे काय?"

"औषध हाय सर."

"आत काही न्यायचं नाही. इथं टेबलावर ठेव."

ती माझ्याकडे बघत आत गेली. मी फाटकातून ओरडून सांगितलं, सर ऐका, तिला दमा हाय. माझ्यासारख्या ओरडणाऱ्या तिथं ढिगानं होत्या. कुणी वळून बघितलं नाही.

पेपर अर्धा झाला असेल. तपासणी पथकाची जीप आली. भिंतीवरची माणसं खाली उड्या टाकून पळाली, सगळं मैदान एकदम उठलं आणि धुळीचा लोट खिडक्यांतून वर्गात शिरला. थोड्या वेळानं एक शिपाईबाई सुवर्णाला काखेत धरून बाहेर घेऊन आली. टेबलावरचा पंप मीच उचलला. कुणी अडवलं नाही. लिंबाखाली बसवून तिला दिला, पुन्हा दिला. श्वास जागेवर आल्यावर ती उठून वर्गाकडे निघाली. दारातले सर म्हणाले, "बाहेर आलेल्याला परत आत घेता येत नाही." आवाज मऊ होता त्यांचा, पण दार लावून घेतलं.

भूगोलात ती नापास झाली. बाकी सगळ्यात पास.

आष्टीचे पाहुणे

मालक म्हणाले, "बास आता. लई झालं पोरीचं." आत्याबाईंनी आष्टीकडचं एक स्थळ आणलं. किराण्याचंच दुकान, माणसं चांगली. आत्याबाईंनी मला बजावलं, "तोंड उघडू नको."

पाहुणे आले. सुवर्णानं चहा दिला. मुलाच्या आईनं विचारलं, "कायकाय येतं गं बाई तुला?" सुवर्णानं स्वयंपाक सांगितला, हिशोब सांगितला आणि म्हणाली, "आन मला दमा हाय. रोज औषध घेते. चुलीपुढं बसता येत न्हाई."

पाहुण्यांनी चहा पूर्ण प्याला. कळवतो म्हणाले. कळवलं नाही.

आत्याबाई त्या संध्याकाळी देव्हाऱ्यासमोर बराच वेळ बसून होत्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "कावून बोलली असंल ती? कुणी इचारलं तरी व्हतं का?"

मी म्हणाले, "लग्नानंतर लपून पंप ओढावा लागला असता तिला. आन आपल्यावानी तिथं कुणी जीप आणली असती का, कुणाला ठावं."

त्या दिव्याची वात सारखी करत बसल्या. पण मालकांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा बास म्हटलं, तेव्हा त्याच म्हणाल्या, "ऑक्टोबरला बसू दे तिला. एकाच इषयाचं तर हाय."

या वेळी आम्ही आधीच केंद्रावर जाऊन डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. केंद्रप्रमुखांनी पंप तिच्या बाकावर ठेवायला परवानगी दिली. आधी सांगितलं असतं तर मार्चमध्येही दिली असती का, कोण जाणे. ज्यांची लेकरं परीक्षेला बसणार आहेत, त्यांनी फाटकात ओरडायची वेळ येऊ देऊ नये, एवढंच.

पेपरच्या दिवशी मला ताप होता. आत्याबाई गेल्या तिच्याबरोबर, सोबत मालकही. मालक नंतर सांगत होते, आई फाटकाबाहेर घोंगडी टाकून बसली होती आणि शेजारी येऊन बसेल त्या प्रत्येक बाईला सांगत होती, "माझ्या नातीला दमा हाय. आत पेपर लिव्हायलीय."

आता

सुवर्णा अंबाजोगाईला कॉलेजात आहे, वसतिगृहात राहते. दमा गेलेला नाही. गेल्या थंडीत पुन्हा भरती करावं लागलं आणि आम्ही पोहोचेपर्यंत तिच्या खोलीतल्या पोरींनी तिला दवाखान्यात नेलं होतं. पोरींना तिनं पहिल्याच दिवशी सगळं सांगून ठेवलं होतं. तरी त्या जीपमधला तासभर मी कसा काढला, ते मला लिहिता येत नाही. एक दिवस आम्हाला उशीर होईल, ही भीती माझ्याकडे कायमची राहायला आली आहे. ती घेऊनच मी भाकरी थापते.

दुकानात आता फोन आला आहे. रविवारी सुवर्णा बूथवरून फोन करते. मी काही विचारत नाही, रिसीव्हर कानाला घट्ट धरून नुसती ऐकत राहते. तिला ते माहीत आहे. मग ती काहीतरी लांबलचक सांगायला घेते. मेसच्या आमटीचं, खोलीतल्या पोरींचं, कुठल्या तरी सरांचं. मधे न थांबता एका दमात सांगते. मला ऐकू यावं म्हणून.